सासूबाईंचा देवाशी अबोला

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी राळेगावपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात नांदायला आले. त्याआधीची आठ वर्षं मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात गेली होती. तिथं प्रार्थनेला घंटा असायची. पहाटेची वेगळी, जेवणाची वेगळी, निजायची वेगळी. घंटा झाली की गुडघे टेकायचे, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि मोठ्या बाईंचं 'आमेन' होईपर्यंत नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. देवासमोर कसं जावं हे मला पक्कं शिकवलेलं होतं. सातवी पास झाल्याचा थोडा माजही होता, तो लपवण्यात अर्थ नाही.

सासरी पहिल्या सकाळी मला जाग आली ती कुणाच्या तरी बोलण्यानं. वाटलं, पाहुणे आले असतील. पदर सावरत बाहेर आले तर सासूबाई एकट्याच चुलीपुढे बसलेल्या आणि तोंडानं चाललेलं, "पाह्य देवबापा, लाकडं ओली हायेत. नुसता धूर करून राह्यली. आता सूनबाई उठन, तिले चहा पायजे. जरा इस्तो पेटव ना." मी मागे वळून पाहिलं. अंगणात एक शेळी होती, बाकी कोणी नव्हतं.

सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. सासरे आणि त्या तरुणपणी ख्रिस्ती झाले, तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी, म्हणजे पादऱ्यांनी, त्यांना एवढंच समजावून सांगितलं होतं की देव आता दिवसरात्र तुमच्यासोबत आहे. सासूबाईंनी ते जसंच्या तसं धरलं. पुढे सासरे लवकर गेले, पदरात एक मूल, पोटाला दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. पण बाई एकटी कधी राहिलीच नाही. विहिरीवर निघाल्या की "देवबापा, पान्याले जाऊन येतो," आणि परत आल्या की तिथं कोण भेटलं, कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या घरी भांडण झालं, सगळं त्याला सांगायच्या. डोळे उघडे आणि हात कामात. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, प्रार्थनेची वेळ ठरलेली असावी. असं जातायेता देवाशी बोलणं बरं दिसत नाही."

त्यांनी जातं थांबवलं. "तो घरात हाय ना?"

"आहे."

"मंग घरातल्या मानसासंग येळ ठरवून बोलते काय कोनी?"

आणि जातं पुन्हा फिरू लागलं.

तेवढंच असतं तर मी सहन केलं असतं. पण देवाला सगळं सांगायचं म्हटल्यावर त्यात मीही आलेच. "देवबापा, सूनबाईनं आज भाकरी करपवल्या. पन हात शिकून राह्यला तिचा, रागावू नोको." "देवबापा, सूनबाई सकायपासून फुगून बसली. काहून, ते तुलेच माईत." आणि हे सगळं मोकळ्या आवाजात. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मध्ये तुराट्यांचा कूड होता. त्यामुळे माझी भाकरी करपल्याचं देवाच्या बरोबरीनं अख्ख्या आळीला कळायचं. माझे यजमान राळेगावला सरकी काढायच्या कारखान्यात होते, शनिवारी संध्याकाळी सायकलनं यायचे. मी त्यांच्याजवळ रडले तर ते हसतच सुटले. म्हणाले, "मी चोरून बिडी ओढली होती, ते पण तिनं असंच सांगितलं होतं. आठवीत होतो मी. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी उभं केलं." त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला मात्र वाटायचं. माझा राग लहानपणापासून नाकावर.

त्या वर्षी मी पहिल्यांदा कापूस वेचायला गेले. आमच्याकडे पहिली वेचणी सीतादहीशिवाय लागत नाही. शेतातल्या एका कपाशीच्या झाडाखाली पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, झाडाला नव्या कापसाची वात गुंडाळतात. मग शेताची मालकीण एकेका वेचणारणीच्या तळहातावर दहीभाताचा घास ठेवते आणि बाया ओळी धरतात. आम्ही ख्रिस्ती. हे सगळं होईपर्यंत धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीखाली उभं राहायचं आणि नंतर कामाला लागायचं, असं सासूबाईंचं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. मालकिणीलाही ते माहीत होतं. त्यांनी कधी आग्रह केला नाही, यांनी कधी नाक मुरडलं नाही. तसंही गावाच्या लेखी आमची जात सुटली नव्हती, आमच्या हातावर तो घास वरूनच पडला असता.

पण त्या वर्षी वैशाखात मालकिणीचे मालक वारले होते. घरात दुसरी सवाष्ण नव्हती, मुलगा लहान. मोकळ्या कपाळानं ती बाई दहीभाताचं गंज, म्हणजे उभं पातेलं, घेऊन स्वतःच शेतात आली. खडे मांडले, वात गुंडाळली, नैवेद्य दाखवला. आणि मग घास वाटायला उभी राहिली तर एकही बाई पुढे येईना. कोणी पदर चाचपते, कोणी कमरेच्या झोळीची गाठ सोडून पुन्हा बांधते. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, पण सगळ्यांना ऐकू आलं, "पांढऱ्या कपायाच्या हातचा पयला घास कसा घ्यावा माय? वर्साचं पीक हाय."

मालकीण तशीच उभी. हातात गंज. तिचं तोंड मी आजही विसरलेले नाही.

माझ्या शेजारून सासूबाई निघाल्या. कपाशीतून वाट काढत सरळ तिच्यापुढे गेल्या आणि जाताजाता त्यांचं नेहमीचं चाललेलं, "देवबापा, मी बसतो हिच्यापाशी. तू बी चाल." मग त्या पाच खड्यांसमोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केला. "वाढ बाई. भूक लागली मले."

मालकिणीनं घास दिला. वरून टाकला नाही, वाकून तळहातावर ठेवला. सासूबाईंनी तो खाल्ला, हात पदराला पुसला आणि ओळ धरली. मग बाकीच्या बाया एकेक करून आल्या.

मी बोरीखालून हलले नाही. सासूबाई तिथं जेवल्या हे तर होतंच, पण देवालाही सोबत यायला सांगितलं होतं. बोर्डिंगातल्या मोठ्या बाई हे ऐकत्या तर जागच्या जागी बसल्या असत्या. घरी येताना मी विचारलं, "आत्याबाई, हे बरोबर केलं का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "थे बाई एकटी उभी होती ना." त्यांच्या लेखी विषय संपला होता.

माझ्याही लेखी तो संपला असता. पण पुढे दोन आठवड्यांनी पाळकसाहेब यायचा रविवार आला. महिन्यातून एकदा ते सायकलनं यायचे. नाल्यापलीकडच्या गावात मातीच्या भिंतींची, टिनाच्या छपराची एक खोली होती, आसपासची दहाबारा ख्रिस्ती घरं, आमची मंडळी, तिथं जमायची. प्रभू येशूच्या आठवणीनं भाकर आणि द्राक्षाचा रस वाटून घेतात, त्या प्रभुभोजनाचा रस सासूबाईच करायच्या. द्राक्षं आमच्याकडे कुठली? पाळकसाहेब काळ्या मनुकांची पुडी ठेवून जायचे, सासूबाई त्या शनिवारी भिजत घालायच्या आणि रविवारी कुस्करून स्वच्छ फडक्यातून गाळायच्या. हे काम त्यांचं होतं आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता.

त्या सकाळी खोलीपुढच्या अंगणात सगळे जमलेले असताना रस गाळतागाळता त्या म्हणाल्या, "देवबापा, काल सूनबाईनं माह्यावर तोंड टाकलं. लेकरू हाय. माफ कर तिले." दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून मान हलवली.

माझ्या अंगाची आग झाली. तोंड टाकलं होतं हे खरं होतं, म्हणून आग जास्त. तेवढ्यात पाळकसाहेबांना पाणी द्यायला मलाच पाठवलं. त्यांनी तांब्या घेत सहज विचारलं, "काय बेटा, घरी प्रार्थना होते ना रोज?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "होते. घरीच नाही, सीतादहीलासुद्धा होते." आणि मग सगळं सांगितलं. ते खडे, तो घास, 'तू बी चाल'सकट. बोलताना मला वाटत होतं की मी सत्य सांगतेय. मालकीण एकटी उभी होती, तेवढं मात्र मी सांगितलं नाही.

पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते. सायकल मारून मारून खंगलेले, गरीब, नियमाला धरून चालणारे. त्यांनी सासूबाईंना बाजूला घेतलं. मी तांब्या घेऊन जवळच उभी होते.

"आई, तुम्ही सीतादहीचं खाल्लं?"

"हो सायेब."

"मूर्तीपुढचं आपल्याला चालत नाही, ठाऊक आहे ना?"

"माईत हाय. म्हनून त्याले सांगूनच गेली."

"मग काय म्हणाला तो?"

खोटं बोलणं सासूबाईंना जमतच नव्हतं. "जाय म्हनला नाई. नोको जाऊ बी म्हनला नाई. माह्यासंग होता, येवढं माईत हाय मले."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, मंडळीचा नियम आहे, मला तो मोडता येत नाही. मंडळीपुढे उभं राहून चूक झाली म्हणा, नाहीतर तीन महिने प्रभुभोजनापासून दूर राहावं लागेल. सासूबाई म्हणाल्या, "चूक झाली असं वाटन तवा म्हनीन सायेब. आता कसं म्हनू?"

त्या दिवशी त्यांनीच गाळलेला रस सगळ्यांपुढून फिरला आणि त्यांच्यापुढे थांबला नाही. मी प्याले. त्या तीन महिन्यांत नाताळही येत होता. सासूबाईंची ती शिक्षा पुढे पूर्ण झाली, एक दिवसही कमी झाला नाही. मनुकांची पुडी त्या दिवसापासून माझ्या हातात आली.

घरी परतताना नाला ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. सासूबाई गप्प होत्या. माझ्याशी नव्हे, माझ्याशी बोलत होत्या. जपून उतर, शेवाळ आहे, असं म्हणाल्या होत्या. देवाशी गप्प होत्या.

मला वाटलं, वाईट वाटलंय, उद्यापर्यंत निवळेल. दुसऱ्या दिवशी चूल पेटली, तोंड उघडलं नाही. त्या विहिरीवर गेल्या, आल्या. मी कान देऊन होते. काही नाही. जात्यावर बसल्या तर नुसती जात्याची घरघर. आठवडा गेला, दुसरा गेला. त्या घरात किती गोष्टींचे आवाज होतात हे मला तेव्हा कळलं. शेळी रवंथ करते त्याचाही आवाज येतो. शेजारची बाई कुडावरून डोकावून म्हणाली, "तुह्या सासूले बरं नाई काय वं? आवाज नाई येऊन राह्यला." यजमान शनिवारी आले, आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सायकलची साखळी काढून पुसत बसले. त्यांना काही अवघड झालं की ते सायकल पुसायचे.

ज्या बोलण्याचा मला एवढा राग होता, त्याच्यासाठी मी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. मी मुद्दाम भाकरी करपवली. एकदा वरणात मूठभर तिखट टाकलं. वाटलं, आता तरी चहाडी करतील. सासूबाईंनी डोळ्यांतून पाणी काढत ते खाल्लं, दोन तांबे पाणी प्याल्या आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तब्येत बरी हाय ना तुही?"

माझीही प्रार्थना होईना. वेळेवर गुडघे टेकत होते, डोळे मिटत होते. मिटले की हात पुढे करून बसलेल्या सासूबाई दिसायच्या. पाठ केलेले शब्द तोंडातून बाहेर यायचे आणि तिथंच जमिनीवर पडायचे. मनात एकच भीती होती. ही बाई तीस वर्षं देवाबरोबर राहिली, नवरा गेला तेव्हाही तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं नाही, आणि आता माझ्या एका चहाडीनं सोडलं. त्यांचा देवावरचा विश्वास उडाला तर तो मी उडवला. रागाच्या भरात आपण कोणाचं मडकं फोडतो, भाकर हिरावतो, तेवढं भरून देता येतं. हे कशानं भरून द्यायचं, मला सुचत नव्हतं.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिसऱ्या वेचणीला गेलो होतो. दुपारी मालकीण शेतात आली. तिला कुठून तरी कळलं होतं. सासूबाई पुढच्या ओळीत होत्या, ती माझ्यापाशी आली. "तुह्या सासूले मंडळीतून दूर केलं म्हन्ते. माह्या घासापायी काय?"

मी होय म्हणून मान हलवली.

"चांगलं केलं तिनं माह्यासाठी," ती म्हणाली, "अन् तिलेच सजा. आमी त कोनी सांगतलं नाई. कोनं सांगतलं असन वं तुमच्या पादऱ्याले?"

ती माझ्याकडे संशयानं बघत नव्हती, सरळ विचारत होती. पण चोराच्या मनात चांदणं. मी खाली बघून बोंडं ओढत राहिले, एक बोंड तर कच्चंच तोडलं. ती डोळे पुसून निघून गेली. ती धुऱ्यापलीकडे जाईपर्यंत मी थांबले आणि मग भराभर पुढे जाऊन सासूबाईंच्या शेजारची ओळ धरली.

"आत्याबाई, पाळकसाहेबांना मी सांगितलं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "माईत हाय."

"कसं माहीत?"

"पंधरा बाया होत्या तिथं. त्यातल्या पादरीसायबासंग बोलनारी तू एकलीच. याले काय सातवी पास व्हा लागते?"

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?" मला रडू फुटलं. "माझ्यावर रागवायचं सोडून देवावर कशाला रागावलात? त्याच्याशी बोलणं कशाला सोडलंत?"

आता त्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी फारच अडाण्यासारखं विचारलं होतं. "त्याच्यावर कायले रागावू मी? त्यानं काय केलं?"

"मग पाच आठवडे..."

"अवं, मी तोंड उघडलं की सारंच सांगून टाकतो त्याले. तुले माईत नाई काय? राखून बोलनं मले येतच नाई. भाकर करपली त सांगता येते, फुगली त सांगता येते. हे कसं सांगू? माह्या घरातल्या पोरीची असी गोस्ट त्याच्याजवय कसी नेऊ?" त्यांनी झोळीतला कापूस उगाच दाबला. "म्हनून गप राह्यली. लय जड गेलं बाई. पोटात दुखे माह्या."

तरी बोर्डिंग काही सुटत नव्हतं. मी हुंदके देत म्हटलं, "पण त्याला तर सगळं ठाऊकच असतं."

"असन," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडून नाई."

मी रडत राहिले आणि त्या वेचत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तूच सांग. तुह्यं तू सांगतलं की मी मोकयी झाली."

मी तिथंच ओळीत गुडघे टेकायला लागले. त्यांनी दंडाला धरून मला वर ओढलं. "खाली कुठं बसते? कापूस मातीत जाईन ना. उभ्यानं सांग, ऐकते तो."

मग मी डोळे उघडे ठेवून, हातात अर्धं वेचलेलं बोंड धरून, पाठ न केलेले शब्द शोधायला लागले. सुरुवात कुठून करावी ते समजत नव्हतं. सासूबाई झपझप वेचत चार झाडं पुढे निघून गेल्या, माझं ऐकू येऊ नये म्हणून.